हिशोबपट्टी

मंडळीत एखादं काम अंगावर येणार असं दिसलं, की माझा मोशे व्हायचा.

निर्गमाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायात मोशे जळत्या झुडपापुढे उभा राहून देवाशी जी हुज्जत घालतो, ती मला पाठ होती. मननासाठी नव्हे, वापरण्यासाठी. आधी तो म्हणतो, मी कोण लागून गेलो? मग, तुझं नाव विचारलं तर काय सांगू? मग, लोकांचा माझ्यावर विश्वास बसणार नाही. मग, मला बोलता येत नाही, जीभ जड आहे. आणि सगळी कारणं खर्ची पडल्यावर, बाबा, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. इथे मात्र देवाचा राग भडकतो. मी मोशेपेक्षा हुशार. चौथ्या कारणाच्या पुढे कधी जायचोच नाही.

संडेस्कूलचा वर्ग घ्या म्हणाले, तर मला पाहून लहान मुलं रडतात. उपासनेत शास्त्रपाठ वाचा म्हणाले, तर मोतीबिंदू पिकायला आलाय. नाताळच्या नाटकात योसेफाचं काम देऊ केलं. योसेफाच्या तोंडी शुभवर्तमानातसुद्धा एक वाक्य नाही. तरी मी, पाठांतर होत नाही, असं सांगून मोकळा झालो. गायनमंडळाच्या बाबतीत कारण शोधायची वेळ आली नाही. त्यांनी मला कधी विचारलंच नाही.

लोक म्हणायचे, काका किती नम्र! मलाही ते पटायचं. देवाने प्रत्येकाला काही ना काही कृपादान दिलंय, असा उपदेश झाला की मी मान डोलवायचो आणि इकडेतिकडे बघायचो. कुणाला गळा दिलेला, कुणाला वाणी, कुणाला आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायचं बळ. माझ्या वाट्याला आली नगर जिल्ह्यातल्या एका मार्केट यार्डात अडत्याच्या पेढीवरची दिवाणजीगिरी. वजन, भाव, वजावट, शिल्लक; सगळी नोकरी शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहिण्यात गेली. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने कृपादानांची यादी दिलीय. संदेश, सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, असं बरंच काही आहे त्यात. कांद्याची पट्टी नाही. मी नीट पाहिलंय.

घरात मात्र माझ्या नम्रतेला मान नव्हता.

"अहो, लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या?" ही विचारायची. आमच्या घरी लक्ष्मीबाई म्हणजे टिळकच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं गिरवलेल्या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिलं. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं.

"त्यांना नवरा टिळक मिळाला होता," मी म्हणायचो.

"मलाही नवराच मिळालाय," असं म्हणून ही स्वयंपाकघरात निघून जायची.

माझा घात इतिहासाने केला. नवे पाळकसाहेब तरुण, हसतमुख, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ धूर्त. कापणीच्या सणाची तयारी चालली होती. कमिटीत त्यांनी सहज विषय काढला, "यंदा कीर्तन ठेवलं तर? आपल्यात पूर्वी कीर्तनं व्हायची म्हणतात."

म्हणतात? मी खुर्चीत पुढे सरकलो. ख्रिस्ती कीर्तन तर आपल्या नगरचं भूषण, म्हणालो. १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले, १८४२ साली 'ज्ञानोदय' निघालं, आणि त्याच शतकात कृष्णराव सांगळ्यांसारख्या माणसांनी येशूचं आख्यान लावलं. पुढे खुद्द टिळक कीर्तनाला उभे राहिले. हार्मोनियमवर साहेबी चाली वाजत असताना या लोकांनी ओवी, साकी, दिंडीत शुभवर्तमान बसवलं! पूर्वरंग म्हणजे काय, उत्तररंग म्हणजे काय, मध्ये भजन कशासाठी, सगळं समजावून दिलं. एक साकीची चालसुद्धा म्हणून दाखवली. चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

माझं संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "ठरलं तर मग. कीर्तन काका करतील."

"पण मला बोलता येत नाही हो!" मी म्हणालो.

कमिटी इतकी हसली की चिटणिसांना माझं नाव धड लिहिता येईना.

आख्यानाला मी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला तीन दासांचा दृष्टांत घेतला, कारण त्यात हिशेब आहे. धनी परदेशी जाताना एका दासाला पाच तालांत देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो. आजवर मी या तिसऱ्याची कीव करत आलो होतो. बिचाऱ्याला मिळाला एकच, त्यात त्याने काय करावं? पण आता पेन्सिल घेऊन बसलो. एका तालांताचे दिनार सहा हजार. मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार, हे मत्तयच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत आहे. शब्बाथ आणि सणवार सोडून वर्षाचे कामाचे दिवस तीनशे धरले, तर झाली वीस वर्षांची मजुरी! हा गरीब बिचारा? आणि चांदीत धरलं तर तिसेक किलोचं ओझं. तेवढं पुरायचं म्हणजे खड्डा चांगला खोल हवा, तोही रात्री, कुणाला पत्ता लागू न देता. एवढे कष्ट उपसणाऱ्या माणसाला धनी आळशी म्हणतो.

मला घाम फुटला. कारण योसेफाच्या कामाला नकार देण्यासाठी मी पाळकसाहेबांच्या घरी गेलो होतो, डॉक्टरांची चिठ्ठी नेली होती, आणि परत येईपर्यंत नाटकाची तालीम होऊनही गेली होती.

त्या रात्री झोप येईना, म्हणून पुन्हा निर्गम उघडलं. खरं सांगायचं तर एखादं पडून राहिलेलं कारण सापडतंय का, ते बघायला. सापडलं भलतंच. देव मोशेला एकदासुद्धा, अरे तू छान बोलतोस, असं म्हणत नाही. त्याची जीभ जड आहे हे तो खोडूनच काढत नाही. माणसाला तोंड कुणी दिलं, एवढं विचारतो आणि म्हणतो, तू जा, तुझ्या तोंडाला मी साथ देईन. मी जन्मभर वाट पाहत होतो की आधी भीती जाईल आणि मग मी उभा राहीन. शास्त्रात असा क्रमच नाही. भीती आहे तिथेच, जीभ आहे तेवढीच जड, वय वर्षं ऐंशी, आणि समोर मिसरचा रस्ता.

हे सगळं कळूनही मी प्रार्थना केली ती अशी: प्रभू, आवाज तरी दे, नाहीतर ताप तरी दे. सकाळी पाहिलं तर दोन्ही नव्हतं.

सणाच्या दिवशी देवळात नेहमीसारखी आरास होती. वेदीपुढे बाजरीची कणसं, ऊस, भोपळे, पपया, शेवग्याच्या शेंगा, लोणच्याच्या बरण्या, अंडी, आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, ज्या पहिल्या गीतापासून आपलं मत देत होत्या. मी अंगरखा, उपरणं आणि फेटा असा जामानिमा करून उभा राहिलो. पेटीवाले आजोबा सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेले, म्हणून साथीला तरुण संघाचा कीबोर्ड. मी डोळे मिटून पहिली ओवी उचलली आणि त्या पोराच्या हातून कुठलंसं बटण दाबलं गेलं. ओवीखाली वरातीचा ताल सुरू झाला. तो बंद होईपर्यंत संडेस्कूलच्या मागच्या रांगेत दोघे नाचून बसले होते.

पूर्वरंग कसाबसा उरकला. आख्यानाला आलो तेव्हा हातातला कागद इतका थरथरत होता की अक्षरं धरून ठेवावी लागत होती. "पहिल्या दासाने पाच तालांत घेतले, व्यापार केला, मेहनत केली," मी म्हणालो, "आणि धन्यापुढे नऊ तालांत आणून ठेवले!"

"दहा!" संडेस्कूल ओरडलं.

"काका, एक कुठं गेला?" एक चिमुरडी काळजीने म्हणाली.

मी गप्प. देऊळ गप्प. आणि मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आवाज आला, "हमाली, तोलाई, वाराई! दुसरं काय?"

जो हशा पिकला त्यात कोंबड्यासुद्धा घाबरून थांबल्या. मी तिथेच चिपळ्या ठेवून निघून जायला हवं होतं. पण घडलं ते असं, की मला राग आला. पट्टीवर माणूस असा बोलला की त्याला उत्तर दिल्याशिवाय मी पेढीवरून कधी उठलो नव्हतो. "बाबा," मी म्हणालो, "पट्टी दाखवतो. एक पैसा इकडचा तिकडे निघाला तर सांगा." कागद खिशात घातला. पहिल्या दासाची पट्टी तोंडी वाचली, दुसऱ्याची वाचली. मग तिसऱ्याची: जमा एक, वजावट नाही, शिल्लक एक. "आहे की नाही स्वच्छ पट्टी? अशी स्वच्छ पट्टी मी नोकरीत कधी लिहिली नाही. कारण जो माल यार्डात आणतो त्याचं काहीतरी कापलं जातंच. कापलं जात नाही ते फक्त त्याचं, जो भाव पडेल या भीतीने कांदा चाळीतच सडू देतो."

हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला ठाऊक आहे, पण विनोदी लेखात ते कसं सांगायचं ते ठाऊक नाही. एवढंच सांगतो, की समोरच्या बाकांवरचा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी कांदा सडवून बसलेला होता, आणि मघाशी हसणारा म्हातारा आता हसत नव्हता. आवाज माझा तोच होता, फाटका, यार्डात ओरडून ओरडून बसलेला. त्याच आवाजात उरलेलं आख्यान झालं. साक्या मी वगळल्या. त्याबद्दल मंडळीने उघड आभार मानले नाहीत, पण चेहऱ्यांवर ते दिसलं.

माझ्यातला मोशे इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण उपासनेनंतर लिलाव असतो. लिलाव पुकारणारे वडील पुढे आले, तर तोच म्हातारा उठून म्हणाला, "पट्टीवाल्या काकांना पुकारू द्या!" मी एकही कारण दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कारण सुचलं नाही आणि नेमकं तेव्हाच ते हवं होतं.

फेटा काढून ठेवला आणि सुरू झालो. एक अंडं घेणारा ते परत देवाला देत होता, की पुन्हा बोली. त्या अंड्याने कोंबडीपेक्षा जास्त पैसे आणले. भोपळे एका उपड्या पातेल्यावर मांडले होते. भोपळे गेले, खाली लखलखीत पातेलं उरलं. आता हात थांबवणार कोण? "पन्नास माणसांचा भात शिजेल असं पातेलं! बोला!" स्त्री मंडळाने दोनशे म्हटलं. तेवढ्यात दारातून तीनशे आले. स्त्री मंडळ चारशे. दारातून, जरा घाईने, पाचशे. मी म्हटलं, शाबास, नवा माणूस दिसतोय, देवाच्या घरी हात सैल सोडतोय! एक वार, दोन वार, आणि स्त्री मंडळ साडेपाचशे. दारातला आवाज रडकुंडीला येऊन म्हणाला, "सहाशे!" आणि मी तीन वार म्हणून चिपळ्या वाजवल्या.

तो मांडववाला होता. भाड्याने दिलेलं पातेलं न्यायला आला होता.

खुलासा होईपर्यंत सहाशे रुपये पेटीत पडून त्यांच्यावर प्रार्थनाही झाली होती. पाळकसाहेब ते परत करायला निघाले, तर मांडववाल्याने हात जोडले. देवाचं काम आहे, म्हणाला, राहू द्या. त्याचा मोठेपणा मंडळीने टाळ्या वाजवून मान्य केला. चार दिवसांनी त्याचं बिल आलं. सतरंज्या, खुर्च्या, शेगड्या, आणि शेवटची ओळ: पातेलं, लिलाव, सहाशे.

बिल तपासायला कमिटीने अर्थातच माझ्याकडे दिलं. मी त्याच्या दुकानी गेलो आणि त्या ओळीत निम्म्याची सूट मागितली.

"पूर्ण सोडतो," तो म्हणाला, "पण पुढच्या वर्षी लिलाव तुम्ही करणार नाही, असं लिहून द्या."

मी सहाशे रुपये मोजून दिले आणि पावती घेतली.