अखंड विश्रांती सप्ताह

आमच्या भाऊंना पळताना पाहिलेल्या माणसाला भाऊंबद्दल आदर वाटतो. भाऊंना बसलेलं पाहिलेल्या माणसाला वहिनींबद्दल वाटतो.

मुंबई मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली, तेव्हा भाऊ तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. रविवारी सकाळी टीव्हीवर पळणारी माणसं दिसली की ‘यांना घरी कोणी चहा देत नाही का’ असं विचारून दुसरा कप मागवायचे. पुढे बँकेच्या कर्जविभागात खुर्ची उबवता उबवता पोट सुटलं, साखर वाढली, आणि डॉक्टरांनी ‘रोज थोडं चालत जा’ एवढंच सांगितलं. भाऊंना थोडं काही करता येत नाही. ते चालले, मग पळाले आणि पळतच राहिले. आता बावन्नाव्या वर्षी वेताळ टेकडीवरचे मोरसुद्धा त्यांना वाट देतात. जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला, की घरात लग्न निघाल्यासारखी धांदल असते.

पळण्याबद्दल भाऊंची कधीच तक्रार नसते. पहाटे साडेचारचा गजर, पावसात चिकटलेला टी-शर्ट, काळं पडलेलं अंगठ्याचं नख, सगळं ते हसत सोसतात. त्यांना सोसत नाही तो चौथा आठवडा.

वेळापत्रक फ्रिजवर, कालनिर्णयाच्या शेजारी लावलेलं आहे. पहिल्या आठवड्यात 50 किलोमीटर, दुसऱ्यात 55, तिसऱ्यात 60, आणि चौथ्यात एकदम 40. त्यातसुद्धा दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि रविवारचा लाँग रन 30 वरून 18 वर. समोर कोचमॅडमनी हिरव्या शाईत लिहिलंय : रिकव्हरी. कर्जाचा हप्ता थकवणाऱ्याकडे बघावं, तसं भाऊ त्या ओळीकडे बघतात.

मॅडम भाऊंच्या मुलीच्या वयाच्या, पण धीराच्या. पहिल्या वर्षी त्यांनी भाऊंना समोर बसवून नीट समजावलं. दम वाढायला फार दिवस लागत नाहीत, पण स्नायूबंध आणि हाडं मागून सावकाश येतात. पळण्याचा भार पडला की शरीर आधी जुनं हाड कोरून काढतं आणि मग तिथं नवं भरतं. कोरायला काही आठवडे लागतात, भरायला काही महिने. या मधल्या काळात ते हाड कच्चं असतं. तेव्हाच दणके वाढवत गेलात, तर नडगीला बारीक चीर जाते आणि मग सक्तीची विश्रांती मिळते.

‘‘रस्त्याचं काम बघता ना भाऊ? आधी खणतात, मग भरतात. भरायच्या आधीच तुम्ही तिथून ट्रक न्याल का?’’

‘‘पुण्यात नेतात,’’ भाऊ म्हणाले.

यंदा मॅडमनी हुशारीनं चौथा आठवडा नेमका दिवाळीच्या तोंडावर टाकला. सोमवारी सुट्टी होती, तरी भाऊ साडेचारलाच उठले. बाल्कनीत स्टूल टाकून, वहिनींची विणकामाची सुई घेऊन बुटांच्या तळव्यांतले खडे काढत बसले. एकेक खडा टोकरून काढायचा, उजेडात धरून बघायचा आणि वाटीत टाकायचा. ‘‘हा टेकडीवरचा,’’ मला हाक मारून त्यांनी सांगितलं, ‘‘आणि हा पाषाण रोडचा.’’ सहापर्यंत खडे संपले. भाऊंनी वहिनींचे बूट मागितले.

मंगळवारी ते दूध आणायला गेले, ते तासाभरानं पिशवी घेऊन परतले. दुकान आमच्या फाटकासमोर आहे. ‘‘तिथलं दूध ताजं नसतं,’’ असं म्हणत ते लिफ्ट टाळून जिन्यानं वर गेले. वहिनींनी हातातलं घड्याळ काढून घेतलं, तर संध्याकाळी ते खिशात निघालं. घड्याळानंही दगा दिला होता. दमाचं माप सांगणारा व्हीओटू मॅक्सचा आकडा एकानं खाली आला होता. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट दाखवावा तसा तो त्यांनी मला दाखवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘दोन दिवसांत एवढं! रविवारपर्यंत काय उरेल?’’

बुधवारी दुखणी सुरू झाली. साठ किलोमीटरच्या आठवड्यात हूं की चूं न करणारी टाच सोफ्यावर बसल्या बसल्या ठणकू लागली. मग गुडघा, मग कंबर. पळणाऱ्यांमध्ये हे नेहमीचं आहे. शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे सराव उतरवतात, त्याला टेपर म्हणतात, आणि त्या काळात धडधाकट माणसांना असलीच नाना दुखणी सुचतात. भाऊंना ती दर चौथ्या आठवड्याला सुचतात. औषध मात्र एकच सुचतं : ‘‘जरा पळून आलो ना, की मोकळं होईल.’’

गुरुवारी त्यांनी माळा काढला. पंखे पुसले, ग्रिल घासलं, सिलिंडर एका हातानं उचलून दाखवला. वहिनी दुपारपर्यंत खुशीत होत्या. मग भाऊंनी फोडणीचे डबे ‘लागतात त्या क्रमानं’ लावून दिले आणि संध्याकाळच्या आमटीत जिऱ्याऐवजी ओवा पडला.

शुक्रवारी खरा वाद झाला. भाऊंचं दैवत म्हणजे इंग्लंडचा रॉन हिल. या माणसानं डिसेंबर 1964 पासून जानेवारी 2017 पर्यंत रोज किमान एक मैल पळायचा नेम चालवला. 1993 मध्ये पायाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही तो कुबड्यांवर मैल पुरा करून आला. हे सांगताना भाऊंचा गळा दाटून येतो.

‘‘त्याच्या बायकोबद्दल काही लिहिलंय का?’’ वहिनींनी विचारलं.

नेम एकाच मैलाचा होता, म्हणजे हिलला हवं तेव्हा मैलभरातच दिवस उरकता यायचा. पण भाऊंच्या कानात त्यातलं ‘रोज’ तेवढं शिरतं.

वहिनींनीही यंदा तयारी केली होती. त्यांनी धावपटू एमिल झातोपेक काढला. 1950 साली ब्रसेल्सच्या युरोपियन स्पर्धेआधी झातोपेक विषबाधेनं दवाखान्यात पडला होता. सराव बंद. सुटला तो थेट स्पर्धेला गेला आणि 5,000 आणि 10,000 मीटर दोन्ही शर्यती जिंकून आला.

‘‘बघा, पडून राहिला म्हणून जिंकला.’’

‘‘म्हणजे आता मला काहीतरी नासकं खायला घाल.’’

‘‘मनात येतं कधी कधी,’’ वहिनी म्हणाल्या आणि चकल्या तळायला गेल्या.

शनिवारी मात्र भाऊ विजयी मुद्रेनं माझ्या दारात उभे राहिले. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळी उठल्या उठल्या त्यांची नाडी 60 पडत होती. आता ती नेहमीच्या 52 वर आली होती. झोप सहा तासांवरून साडेसातवर गेली होती. टाच गप्प होती. या सगळ्याचा अर्थ विश्रांती लागू पडली असा होतो, हे बँकेतल्या शिपायालाही सांगता येईल. भाऊंनी मात्र तेच आकडे मॅडमना कळवून खाली लिहिलं, ‘मी पूर्ण ठणठणीत आहे. विश्रांतीची काहीच गरज नव्हती. उद्या 30 करू का?’ विश्रांतीनं बरं वाटलं, की तिची गरज नसल्याचा पुरावा म्हणून तेच हजर करायचं, ही या माणसाची खासियत. औषधानं ताप उतरला म्हणून औषधाच्या दुकानदाराशी भांडायला जातील.

मॅडमनी 18 म्हणजे 18 असं कळवलं. रविवारी भाऊ 18 च पळाले, पण शर्यतीत पळावं तसे. गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं पळायचं होतं. ग्रुपमधल्या एकानं गप्पा मारायचा प्रयत्न केला, तो पहिल्याच चढाला मागे राहिला. स्ट्रावा अ‍ॅपवर ते सगळं मॅडमना दिसलंच.

त्या रागावल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली असले भाऊ बरेच असावेत. दिवाळीनंतरच्या वेळापत्रकातून ‘रिकव्हरी’ गायब झाली. त्या जागी आलं : लो-लोड अ‍ॅडाप्टेशन ब्लॉक. मंगळवार : पाठीवर आडवे, 20 मिनिटे, 3 सेट, नाडी 60 च्या आत. गुरुवार : आरामखुर्ची, 45 मिनिटे, पाय वर. शनिवार : नाटक, दोन अंक, बसून.

भाऊ हरखून गेले. ‘‘आता कसं शास्त्रशुद्ध झालं!’’ कागद त्यांनी सोसायटीभर दाखवला. मंगळवारी बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वॉर्मअप म्हणून सतरंजी झटकली, घड्याळ चालू केलं आणि डोळे छताला लावून वीस मिनिटं पडून राहिले. वहिनींनी दाराची बेल काढून ठेवली होती. पाणी द्यायला मी आत गेलो, तर कपाळावर घाम होता, पण नाडी 54. सेट संपल्याची शिटी वाजताच ते ताडकन उठले आणि त्यांनी मॅडमना फोन लावला.

‘‘पहिला सेट झाला, मॅडम. फॉर्म उत्तम होता. फक्त एक विचारायचं राहिलं. दोन सेटच्या मध्ये विश्रांती किती घ्यायची?’’