आपल्याकडं तसं चालत नाही

औंढा नागनाथला देवळाच्या वाटेवर बेल-फूल, नारळ, साखरफुटाण्यांची दुकानं आहेत आणि दर चार-पाच दुकानांमागं गल्ल्यावर एक अण्णा बसलेले असतात. पांढरा पायजमा, बंडी, कपाळाला भस्म, गादीखाली लाल कापडाच्या बांधणीची वही. खरं नाव काहीही असो, गाव त्यांना अण्णाच म्हणतं. कुणी नवीन काही सुचवलं की अण्णा ते ऐकून घेत नाहीत, आणि मग शांतपणे सांगतात, "आपल्याकडं तसं चालत नाही."

अण्णा कोरडे आहेत असं मात्र समजू नका. बाहेरगावचा यात्रेकरू दिसला की नारळ देता देता ते नामदेवांची गोष्ट सांगतात. नामदेवांना देवळापुढं कीर्तन करू दिलं नाही, ते मागं जाऊन उभे राहिले, तर आख्खं देऊळच त्यांच्याकडं फिरलं. "म्हणून बगा, नंदी पाठीमागं राहिला!" एवढं दगडी देऊळ फिरलेलं अण्णांना मान्य आहे. पण काचेचं कपाट दोन फूट सरकवलं तर गिऱ्हाइकाला रुद्राक्षाच्या माळा दिसतील, असं मुलानं म्हटलं तेव्हा "ते आमच्या वडिलांनी ठेवलेलं आहे" एवढ्यावर विषय संपला.

शेजारी दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. 2016 साली केंद्रानं तत्त्वतः मंजुरी दिली, 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर झाले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि दूर कुठं दोन कृष्णविवरं आदळली की प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल त्या टिपणार. या कामाला अण्णांचा पूर्ण पाठिंबा आहे, कारण त्यात त्यांच्या गल्ल्याला हात लागत नाही. माझं विचाराल तर एवढा खर्च नको होता. दुकानातली बत्ताशाची बरणी बोटभर सरकली तरी अण्णांना घरी झोपेत कळतं.

मुलगा नांदेडहून बी.कॉम. होऊन आला आणि वाद घालायला लागला, तिथंच त्याचं चुकलं. "अण्णा, मार्केट बदललंय."

"मार्केट बदललं असंल. महादेव बदलला का?"

यावर बी.कॉम.ला उत्तर नसतं.

सूनबाई वसमतची, हळदीच्या घरातली. ती वाद घालत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याचा विषय निघाला तेव्हा "तागडीत लक्ष्मी असते" म्हणून अण्णांनी तो उडवून लावला होता. सूनबाईनं तागडीवर तोललेले पाव किलो पेढे शेजारच्या काट्यावर नेऊन ठेवले. भरले 265 ग्रॅम. अण्णांनी पुन्हा ठेवायला लावले. पुन्हा 265. लक्ष्मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या पिशवीतून चालली होती. दुसऱ्या दिवशी काटा आला, आणि "आजकाल माप चोख पायजे" हे वाक्यही आलं.

मोबाइलनं पैसे घ्यायचं प्रकरण जास्त लांबलं. 2016च्या नोटाबंदीत रांगेत उभं राहूनही अण्णा बधले नाहीत. "पैसा बोटाला लागला पायजे." मग समोरच्या दुकानात बोलणारी डबी आली. श्रावणातल्या सोमवारी ती सकाळपासून सुरू झाली : एकशे एक रुपये प्राप्त झाले, दोनशे एक्कावन्न रुपये प्राप्त झाले. समोरच्याचा गल्ला किती, हे आख्ख्या गल्लीला ऐकू यायलं! अण्णांनी दुपारपर्यंत कळ काढली. मग मुलाला म्हणाले, "आपल्यालाबी एक आण. ह्याच्यापेक्षा आवाज मोठा पायजे."

हळदीचं मात्र सोपं नव्हतं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिच्या पुड्या दुकानात ठेवाव्यात असं मुलानं सुचवलं. अण्णांनी शास्त्रच काढलं. "महादेवाला हळद वाहत नाहीत. तेवढंबी माहीत नाही?" यात्रेकरू ती देवाला नाही, आमटीत घालणार, हे मुलगा पोटतिडकीनं सांगत राहिला आणि अण्णा उदबत्त्यांचे पुडे मोजत राहिले.

पंधरवडाभर सूनबाई गप्प होती. एका संध्याकाळी भाकरी वाढताना तिनं सहज विचारलं, "मामा, आजोबांच्या काळी दुकानात हळद असायची म्हणं?"

अण्णांना आठवत नव्हतं. पण नाही म्हणावं तर वडिलांच्या दुकानात काहीतरी कमी होतं असं व्हायचं. त्यांनी घास गिळला.

"असायची म्हंजी? पोत्यानं असायची!"

आठवड्यात पुड्या लागल्या. आता अण्णा यात्रेकरूला पुडी हातात देऊन मानांकनाचं महत्त्व समजावतात, ही कल्पना आपली, आणि मुळात वडिलांची, असंही सांगतात. पलीकडचा फुलवाला अजून काटा घेत नाही, तर त्याला परवा त्यांनी सुनावलं, "तुमच्या असल्या इचारानंच मराठवाडा मागं राहिला."

सूनबाईला आता दुपारचे हिशेब स्वतः बघायचे आहेत. कुणाला ती बोललेली नाही. काल चहाची बशी पुढं सरकवताना एवढंच म्हणाली, "मामा, आजोबा बाहेरगावी गेले की आजी गल्ल्यावर बसायच्या म्हणं?"

अण्णा तेव्हापासून आठवायलेत.