जून भेंडी

भाजीवाल्याकडे बायका भेंडीचं शेपूट मोडून बघतात. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर जून. माझी आत्या वाकणाऱ्या भेंड्या शोधून शोधून घेते. दसरा झाला की सदाशिव पेठेतला तिचा भाजीवाला जून माल बाजूला काढून ठेवतो, आणि तरी दोघांचं भांडण होतंच. कारण "जूनच आहे ना, मग निम्म्यात दे," हे ती म्हणायची राहत नाही.

दर दिवाळीला आत्या साठेक शुभेच्छापत्रं हातानं करते. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. पण कोवळी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या ठशालाच मान टाकते, तार सोडते आणि फुलाचा डाग होतो. जून भेंडी ताठ राहते. रंग पोस्टर कलरच, सायीइतका दाट, तोही ओल्या स्पंजावर पसरलेला. भेंडी रंगात बुचकळणाऱ्याला आत्या पुन्हा पाटावर बसू देत नाही. "दाबायचं नाही, ठेवायचं," हा तिचा मंत्र. आकाशासाठी फणीवर टूथब्रश घासून निळे तुषार उडवायचे. तो ब्रश कुणाचा, हे एका पहाटे आतोबांच्या निळ्या फेसावरून घरादाराला कळलं.

विकतचं कार्ड तिच्या दृष्टीनं अपमान. लंडनच्या हेन्री कोलनं १८४३ साली पहिलं नाताळकार्ड विक्रीसाठी छापून घेतलं, हजार प्रती. हे मीच तिला कौतुकानं सांगायला गेलो. "पत्रं लिहायचा कंटाळा, दुसरं काय!" आत्या म्हणाली. "चित्र तरी त्यानं काढलं का?" नाही, ते जॉन हॉर्स्लीनं काढलं. "बघ!" कोलचा निकाल लागला.

पोस्टात मात्र तिचीच परीक्षा. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपये, आणि तिच्या कार्डावर रंगाचे थर, वर टिकल्या. एकदा काटा किंचित पुढे गेला, तेव्हा तिनं काउंटरवरच पाकीट उघडून नखानं चंद्र खरवडून काढला. अमावास्येला चंद्र नसतोच, हे वर मलाच ऐकवलं. मग तिकिटावर शिक्का मारणाऱ्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिली आणि न राहवून म्हणाली, "अहो, दाबू नका. ठेवा." रांगेतले सगळे हसले. पण पुढचा शिक्का खरोखर स्वच्छ उठला, एवढं मी साक्षीला उभा राहून सांगेन.

कार्ड पोचलं की आत्याचं काम संपत नाही, सुरू होतं. भाऊबीजेला येते आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधी तिची नजर भिंतीवरून, फ्रिजवरून, शोकेसमधून फिरून येते. आमच्याकडे तिची अकरा वर्षांची कार्डं आहेत. आई त्यांना वर्षभर ट्रंकेत ठेवते आणि आत्या रिक्षातून उतरली की बाहेर काढते.

अक्षरं हा मात्र तिचा हळवा कोपरा. पहिल्या वर्षी बटाटा अर्धा कापून तिनं त्यावर 'शुभ' सुलट कोरलं, कागदावर ते उलटं उठलं. साठ कार्डं फेकवेनात, म्हणून प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं : 'आरशात वाचावे.' आता ती आधी ट्रेसिंग पेपरवर काढून, कागद उलटा धरून कोरते. बटाट्याचं पाणी जुन्या पंच्यानं टिपून घेते, नाहीतर रंग पातळ होतो. तरी उकार तुटतोच. उकार तुटलेला बटाटा रंगापर्यंत पोचत नाही, स्वयंपाकघरात परत जातो.

त्या दिवसांत तिच्याकडे जेवायला गेलं की ताटात रस्साच असतो. परवा आतोबांच्या वाटीत अशीच एक फोड निघाली. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना उलटं वाचायची सवय झाली आहे. त्यांनी ती चमच्यावर घेतली, चष्मा वर केला, "शभ," म्हणाले, आणि खाऊन टाकली.