तळघरातलं धुणं

अमेरिकेत घरातली म्हातारी माणसं गेली की मुलं सगळं सामान घरातच मांडून विकायला काढतात. सकाळी दार उघडलं की कुणी चांदीच्या चमच्यांकडे धावतं, कुणी दागिन्यांकडे. जुनी वॉशिंग मशीन जमवणारा हा माणूस मात्र थेट तळघराचा जिना उतरतो, खिशातून टॉर्च काढतो आणि धूळ खात पडलेल्या वॉशिंग मशीनपुढे गुडघे टेकतो. झाकण उघडून आत नाक खुपसतो. टायमरचं बटण हळूच फिरवतो, कान लावून ऐकतो. खटखट मनासारखी आली की मगच मालकांशी बोलतो. ते म्हणतात, "फुकट न्या हो, आमची जागा तरी मोकळी होईल." याला ते लागतं. पन्नासच्या दशकातलं गुलाबी फ्रिजिडेअर आणि फुकट? मग तो बळेच त्यांच्या हातात नोटा कोंबतो.

सनावळ्या त्याला तोंडपाठ आहेत, फक्त त्यांत लढाया आणि राष्ट्राध्यक्ष नाहीत. १९३७ म्हणजे बेंडिक्स. घरगुती ऑटोमॅटिकांतलं हे आद्य यंत्र. कपडे समोरून टाकायचे. हादरे झेलायची काही सोय नसल्यामुळे त्याला जमिनीत बोल्ट मारून जखडावं लागे, नाहीतर पिळायला लागलं की ते जागा सोडून निघे. १९४७ म्हणजे फ्रिजिडेअर, आणि इथे त्याचा आवाज बदलतो. बाकीच्यांच्या टबातला मधला खांब डावी-उजवीकडे फिरतो, फ्रिजिडेअरचा वरखाली नाचतो. आणि पिळताना टब मिनिटाला ११४० फेरे घेतो! कंपनी जनरल मोटर्सची. मोटारी बनवणाऱ्यांना वेगाचा सोस असायचाच.

१९७९ हा सन त्याच्या घरात जपून उच्चारावा. त्या वर्षी जनरल मोटर्सने फ्रिजिडेअर विकलं. नाव राहिलं, वरखाली नाचणं गेलं. त्यानंतरच्या यंत्राला तो 'नावाचं फ्रिजिडेअर' म्हणतो, तेही नाइलाजाने.

मेटॅगबद्दल त्याला आदर आहे, जिव्हाळा नाही. १९६७ पासून त्यांच्या जाहिरातीत एक मेकॅनिक दिसायचा. मशीन बिघडतच नाही म्हणून बिचारा दिवसभर रिकामा बसलेला. लोक त्यावर हसले. याला मात्र त्यात खरी अडचण दिसते: बिघडतच नसेल तर उघडायचं कोणत्या निमित्ताने? तरीही २००६ साली व्हर्लपूलने मेटॅग विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी आयोवातल्या न्यूटनचा कारखाना बंद झाला, तेव्हा सुतकात बसलेल्यांत हाही होता.

पाहुणा आला की कॉफीच्या आधी त्याला 'विग-वॅग' दाखवला जातो. जुन्या बेल्टवाल्या केनमोरचं मागचं पत्र्याचं झाकण काढून हा पाहुण्याला फरशीवर आडवा करतो. मोटर चालू आहे तोवर दोन सोलेनॉइड कुत्र्याच्या शेपटीसारखे सतत हलताना दिसतात. टायमरने एकाला वीज दिली की घुसळण सुरू, दुसऱ्याला दिली की पिळणं. संगणक नाही, चिप नाही. "कळलं?" हा विचारतो. पाहुणा हो म्हणतो, कारण उठायची दुसरी वाट नसते.

खरी टंचाई आहे ती मळक्या कपड्यांची. दोन माणसांचं घर, तळघरात डझनभर मशीन, आणि प्रत्येकाला आठवड्यातून एकदा तरी चालवलं पाहिजे, नाहीतर रबरी सील वाळतात. धुतलेले टॉवेल पुन्हा धुतले जातात. शेजारणीला वाटतं, किती परोपकारी माणूस, आपल्या चादरीसुद्धा मागून नेतो.

अशा माणसांचे मेळावेही भरतात, त्यांना 'वॉश-इन' म्हणतात. एरवी पाहुण्याने मळके कपडे घेऊन यावं हा असभ्यपणा. इथे तोच आहेर. जनरल इलेक्ट्रिकच्या फिल्टर-फ्लोभोवती कडं करून सगळे आत वाकतात, कारण खांबावरच्या जाळीच्या ताटलीत पाणी धबधब्यासारखं पडतं आणि कपड्यांचा तूस तिथे अडकतो. कुणीतरी फॉस्फेट बंद होण्याआधीची डिटर्जंटची पेटी आणलेली असते. ती फोडायची की जपायची यावर अर्धा तास वाद. तेवढ्यात बायको जिन्यातून विचारते, पाहुण्यांच्या खोलीतली पांढरी चादर कुठाय? चादर सापडते. सकाळपासून ती तिसऱ्या मशीनमध्ये आहे, आणि अजून दोघांची पाळी यायची आहे.