झांकीच्या रात्री धुमाल कसा ऐकावा

(पुण्याहून रायपूरला आलेल्या भाच्यांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन)

प्रस्तुत मार्गदर्शिका अशा होतकरू श्रोत्यांसाठी आहे, ज्यांनी मनगटावर कापडी पट्टा बांधून, आईबापांचे हजारो रुपये मोजून 'लाइव्ह इलेक्ट्रॉनिक' ऐकलेले आहे. सनबर्न महोत्सव २००७ साली गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला, वीकेंडर २०१० साली पुण्यात. आमच्या गणपतीच्या झांक्या, म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या देखाव्यांच्या गाड्या, त्यांहून कितीतरी जुन्या. त्यांना तिकीट नाही, पट्टा नाही, आणि लाइन-अप आधी जाहीर करण्याची पद्धत नाही. जे समोर येईल ते ऐकावे.

नियम १. जागा. अनंत चतुर्दशी उलटली की झांक्या निघतात: शारदा चौक, जयस्तंभ चौक, मालवीय रोड, कोतवाली, सदर बाजार, आणि पुढे पुरानी बस्तीकडून महादेव घाटावर, खारून नदीपाशी. राजनांदगावच्या झांक्या आधी आपल्या गावात मिरवतात, मग सत्तरेक किलोमीटर येऊन इथे पुन्हा मिरवतात. तू ज्याला 'टूर' म्हणतोस ती हीच.

श्रोत्याने मालवीय रोडला लागून असलेल्या गोल बाजाराच्या तोंडाशी बसावे. दुकाने बंद झालेली असतात, पायऱ्या रिकाम्या असतात, आणि पाठीमागे पळून जायला गल्ल्या असतात. सात वाजताच गावाकडच्या बायका सतरंज्या अंथरून, पोरे मांडीवर निजवून जागा धरतात. त्यांच्याशी जागेवरून वाद घालू नये. त्या जिंकतात.

नियम २. पोशाख. गुलाल पडला तर आई विचारणार नाही, असा.

नियम ३. वाद्यवृंदाची ओळख. धुमाल म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको, रायपूर-दुर्गकडच्यांनाही नको. पुणेकरांना सांगायला हवे. पुढे गळ्यात ढोल अडकवलेली, ताशे बडवणारी पोरे चालतात. मागे एका छोट्या गाडीवर की-बोर्ड, ऑक्टोपॅड, कर्ण्यासारखे भोंगे आणि धूर ओकणारा जनरेटर. भोंग्यांतून सूर आणि ऑक्टोपॅडचा आवाज येतो. छातीत बसणारा ठोका खरा, चामड्याचा, चालत्या माणसाच्या हातचा असतो. म्हणजे अर्धी वीज, अर्धा घाम.

श्रोत्याने सगळ्यात आधी की-बोर्डवाला शोधावा. तो गाडीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे नाव बॅनरवर नसते. बॅनरवर मालकाचे नाव असते. त्याचा उजवा हात चाल वाजवतो, पण तू डावा बघ. डाव्या बाजूला एक छोटे चाक असते, ते फिरवले की सूर वर-खाली सरकतो. त्या चाकाने हा माणूस मींड काढतो. शहनाई काढतो, गाणाऱ्या बाईचा गळा काढतो, आणि गाडी खड्ड्यातून जात असताना काढतो. तुझ्या वीकेंडरमध्ये त्या चाकाला नुसता हात लावला तरी लोक शिट्ट्या मारतात, हे तूच मला दाखवले होतेस.

यंत्रावर असेच सूर काढणारे चरणजित सिंग नावाचे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक होते. त्यांनी १९८२ साली रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवून तबकडी काढली. ती खपली नाही. पुढे एका डच माणसाच्या हाती लागली, २०१० साली नव्याने निघाली, आणि युरोपातल्या जाणकारांनी तोंडात बोटे घातली: शिकागोत ॲसिड हाउस जन्मायच्या आधीच हा आवाज मुंबईत निघाला होता! आता कोणी डच माणूस गोल बाजाराच्या पायरीवर येऊन बसेपर्यंत आमच्या की-बोर्डवाल्याने थांबावे काय, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

नियम ४. 'ड्रॉप' ओळखणे. धुमाल चौकात आला की सुरुवात संथ असते. मग ठेका कळत-नकळत चढत जातो. ताशे दाटतात, नाचणारी पोरे रिंगण धरतात, आणि म्होरक्या शिट्टी फुंकतो. त्याबरोबर सगळे ढोल एका क्षणी बंद. हवेत एकटा की-बोर्ड उरतो, तोही लांबवलेल्या एका सुरावर. पोरांचे हात वरच राहतात. म्होरक्या बघतो, आणखी बघतो, पोरांना छळतो, आणि मग त्याचा हात खाली येतो. हा ड्रॉप. यात बटण दाबणारा कोणी नाही; डझनभर माणसे एका माणसाच्या मनगटाकडे बघत असतात.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्क दोन तबकड्यांवर वाजवायला उभा राहिला. नाचणाऱ्यांना गाण्यातला फक्त तालाचा तुकडाच हवा असतो हे त्याने हेरले होते, म्हणून तो तुकडा तो लांबवायचा. हिपहॉपचा जन्मदिवस हाच धरतात. धुमालवाल्याला लांबवायला तबकडी लागत नाही. समोरचा पोरगा दमला नाही एवढे दिसले की पुरते.

नियम ५. फर्माईश. दहाची नोट हातात दिसेल अशी धरावी. गाणे ओरडून सांगावे. इंग्रजी सांगू नये, वाजवतात.

नियम ६. रॅप. तू रॅप शोधत असशील तर तारीख चुकली. दिवाळीनंतर ये. देवउठनी एकादशीपासून राऊत नाचाच्या टोळ्या निघतात. गुराखी यादवांचा हा नाच: कवड्या शिवलेले जाकीट, डोक्याला मोरपीस, हातात काठी. एक जण पुढे होऊन दोहा ठोकतो. कबीर-तुलसीचा असेल, नाहीतर तिथल्या तिथे जुळवलेला, समोरच्या दुकानदाराच्या दानतीवरचासुद्धा. तो म्हणत असताना वाद्ये गप्प. शेवटचा शब्द पडला की गुदुम, दफडा आणि मोहरी एकदम कोसळतात. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आपल्याकडे शाहिरांनी रात्र-रात्र चालवले, ते आठवावे. आठवत नसल्यास आजीला विचारावे.

मराठीचा विषय निघालाच आहे तर, तू मला फोनवर क्रेटेक्स आणि श्रेयसचे 'तांबडी चामडी' ऐकवलेस, मराठी हाउस म्हणून. चांगले आहे. खोटे कशाला बोलू, दोनदा ऐकले. पण २०२४ साली ते स्पिनिन या डच कंपनीने काढले म्हणून तू जितका फुललास, तितका ते मराठी आहे म्हणून फुलला असतास तर मामाला बरे वाटले असते. (इथेही डचच. या लोकांचे काही कळत नाही.)

नियम ७. डीजेची गाडी. ही आली की धुमाल संपला असे समजावे. गाडीवर टॉप आणि बेसच्या स्पीकरांची भिंत, तिच्यावर डोळे फोडणारे शार्पी दिवे, आणि कोपऱ्यात लॅपटॉपमागे एक मुलगा, जो बहुधा मोबाइल बघत असतो. थोड्या-थोड्या वेळाने गाणे अडवून एक घोगरा आवाज त्या डीजेचे नाव आणि गाव सांगतो. मिरवणूक ज्याची, त्या गणपतीचाही एवढा नामघोष होत नाही. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर 'कॉम्पिटिशन' लागते. तिच्यात संगीत हा विषय नसतो.

मला मोठ्या आवाजाचा राग नाही. राग याचा आहे की पुढे एक डीजे लागला की मागचा धुमाल मूकपट होतो. पोरे जीव तोडून वाजवताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. मंडळाची वर्गणी तीच, गाडी मोठी, माणसे कमी. ढोलवाल्यांना जेवण द्यावे लागते, बेसला लागत नाही. हिशेब चोख आहे. आणि आपण सगळे घरी बसून 'आजकाल फार गोंगाट वाढलाय' म्हणून दोघांनाही एकाच कलमाखाली शिव्या देतो.

नियम ८. कान. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तीही वर्षातून १५ दिवसांहून जास्त नाही. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने डीजेच्या आवाजाची स्वतःहून दखल घेऊन सरकारला जाब विचारलेला आहे. ५५ डेसिबल म्हणजे किती? तात्यापाऱ्यात आपल्या ओसरीवर तुझी आजी आणि शेजारच्या काकू नेहमीच्या आवाजात बोलत बसल्या तरी मोडते एवढे.

कामगारांच्या कानांसाठी एक हिशेब वापरतात, तो पाठ करावा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० वर पंधरा मिनिटे. कापसाने विशेष काही होत नाही. फोमचे बोळे मिळतात, ते बोटांत पिळून बारीक करावेत, दुसऱ्या हाताने कान वर ओढावा, बोळा आत सारून फुगेपर्यंत धरावा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केले की सहा डेसिबल कमी होतात. मालवीय रोडला दोन्ही बाजूंनी इमारती असल्याने हा हिशेब चालत नाही. त्यापेक्षा गोल बाजाराच्या आत शिरून दोन वळणे घ्यावीत. वरचे आवाज वळणावर गळतात. बेस मात्र पाठोपाठ येतो, आणि भांड्यांच्या दुकानांत शटरआड पराती आणि पातेली खणखणू लागतात. भौतिकशास्त्रात याला अनुनाद म्हणतात. दुकानदार दुसरे काही म्हणतात.

नियम ९. भूक. गुपचुप. पाणीपुरी म्हणालास तर परका ठरशील.

नियम १०. मराठी माणसाने नाचावे कसे. प्रथम हाताची घडी घालून कडेला उभे राहावे आणि कोणी न विचारता सांगावे, 'आम्ही नुसते बघायला आलो.' चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात नाट्यसंगीताला ज्या चेहऱ्याने बसतो तोच चेहरा इथेही ठेवावा. दुसऱ्या धुमालाला उजवा अंगठा चपलेत हलतो. त्याकडे दुर्लक्ष करावे. तिसऱ्याला ओळखीचा कोणीतरी हात धरून ओढतो. 'नको, नको' म्हणत जावे. नंतरचे कोणी बघत नसते.

तुझी आई आज फोनवर 'काय तो धांगडधिंगा' म्हणाली. नवव्या इयत्तेत ती सदर बाजारातल्या मैत्रिणीच्या गच्चीवरून पहाटेपर्यंत झांकी बघायची आणि दुसऱ्या दिवशी स्टीलच्या डब्यावर तोच ठेका वाजवायची. मी साक्षीदार आहे, डबा अजून घरात आहे. पुण्याला गेल्यावर माणसाचे काय होते ते होवो.

नियम ११. सुपारी. धुमाल आवडल्यास महादेव घाटाच्या अलीकडे, पहाटे, पोरे चहाला थांबतात तेव्हा बोलावे. मालकाशी भाव ठरवावा, पण आधी की-बोर्डवाला हाच येणार का ते विचारून घ्यावे. लग्नसराईत एका नावाने चार गाड्या निघतात. माणसे किती, तास किती, जनरेटरचे डिझेल कोणाकडे, नोटा उडवल्या तर कोणाच्या, हे सगळे कागदावर घ्यावे. पुण्यापर्यंतचे भाडे वेगळे पडते. रात्री दहाचा नियम तिथेही आहे, तेव्हा तुझ्या लग्नाची वरात सकाळची ठेवावी; मुहूर्त गोरज असल्यास गुरुजींना सांगून बदलून घ्यावा.

ताई कॅसेटवरच्या शहनाईवर अडून बसली आहे हे मला माहीत आहे. हा मजकूर तिला तू वाचून दाखव, विशेषतः नियम दहा. आगाऊ रक्कम मी दिलेली आहे आणि ती परत मिळत नाही.