रूप पालटणारे, पण खोक्यातच

२००८ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने मार्व्हल कॉमिक्सचे नायक ट्रान्सफॉर्मर्स या आपल्या रूप पालटणाऱ्या रोबो-खेळण्यांच्या साच्यात घातले. आयर्न मॅन मुळातच उडतो. त्याचं जेट विमान केलं. हल्कचा रणगाडा झाला. ब्रूस बॅनर नावाच्या शास्त्रज्ञाचं डोकं फिरलं की त्याचा हल्क होतो, एवढं रूपांतर बहुधा कमी पडलं असावं.

तक्रार तरी कोणी करायची? १९८४ मध्ये हॅस्ब्रोने ताकारा या जपानी कंपनीची खेळणी अमेरिकेत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून नव्याने विकायला काढली, तेव्हा त्यांचं बारसं मार्व्हलच्याच मंडळींनी केलं. त्यातल्या ‘ऑप्टिमस प्राइम’ या रोबोचं नाव मार्व्हलच्या डेनी ओनील यांनी सुचवलेलं. मार्व्हलच्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ कॉमिकच्या तिसऱ्याच अंकात स्पायडरमॅन हजेरी लावून गेला. सोयरीक जुनीच म्हणायची.

संग्राहकांची तऱ्हा मात्र न्यारी. या खेळण्याचा सगळा जीव बिजागऱ्यांत. पण खोकं उघडलं की भाव उतरतो. मग रूप पालटायलाच जन्मलेला रोबो सीलबंद बसून राहतो. जुन्या सोनेरी प्लास्टिकच्या काही रोबोंना तर असा ठिसूळपणा जडलाय की हात फिरवायला जावं, तर ते तुटून हातातच येतात. मालकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते आणखी एक नग घेतात, तोही न उघडण्यासाठी.