अर्ध्या तासाचं काम

ज्या घरात कपाटावर एखादा जुना लॅपटॉप अजून धुगधुगी धरून आहे, आणि त्याच घरात 'मला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी ख्याती मिळवून बसलेला एक इसम आहे, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका. प्रस्तुत लेखक म्हणजे तो इसम. लॅपटॉप अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. 2010 साली लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. दोन जीबी रॅम, 320 जीबीची हार्ड डिस्क आणि चार्जरची पिन जरा हलली की प्राण सोडणारी बॅटरी. त्यावर विंडोज सेव्हन. या विंडोजची देखभाल मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 ला थांबवली, हे मी तेव्हापासून दर दिवाळीला अण्णांच्या कानावर घालतो. अण्णांचं उत्तर ठरलेलं असतं.

"मग? मलाही रेल्वेने 2004 ला थांबवलं. चालतोय ना मी?"

अण्णा सिग्नल खात्यातले. पुढे ते महत्त्वाचं ठरणार आहे.

तर नियम पहिला: 'अर्ध्या तासाचं काम आहे' हे वाक्य तोंडातून काढू नये. ते मी शनिवारी सकाळी दहाला, पोहे खाताना काढलं. लिनक्स मिंटची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती पेनड्राइव्हवर टाकायची, पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावायचा, चार प्रश्नांना 'पुढे' म्हणायचं. मिंट किमान दोन जीबी रॅम मागतं, आमच्याकडे नेमकी दोन होती. म्हणजे पात्रता परीक्षेत पस्तीस गुण. आई म्हणाली, "जेवायच्या आत होईल ना?" मी हसलो. त्या हसण्याचा या मार्गदर्शिकेत पुन्हा उल्लेख येणार नाही.

नियम दुसरा. पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायला सुरुवातीला एक विशिष्ट कळ दाबावी लागते. ती एफ2 असते, एफ12 असते, एस्केप असते किंवा डिलीट असते. कुठली ते पडद्यावर अर्धा सेकंद लिहून येतं. चारही दाबाव्यात.

नियम तिसरा. इन्स्टॉलेशनची भाषा म्हणून 'मराठी' दिसते. मातृभाषेचा अभिमान अन्यत्र दाखवावा. अडचण मराठीतून आली तर तिचा इलाज शोधून सापडत नाही.

आता मूळ विषय. सुरुवात सुरळीत होते. पट्टी सरकते, पडद्यावर हिरव्या पानांची चित्रं येतात आणि आपण अण्णांकडे अशा नजरेने बघतो की जणू ही प्रणाली आपणच लिहिली. मग पट्टी थांबते. पाच मिनिटं. दहा मिनिटं. या वेळी मनुष्याच्या उजव्या हाताची तर्जनी आपोआप पॉवर बटणाकडे निघते. तिला आवरण्याचा नियम हाच या मार्गदर्शिकेचा गाभा आहे, आणि तो माझा नाही, अण्णांचा आहे.

"अडकलंय," मी म्हणालो.

"दिवा लुकलुकतोय की."

"अण्णा, वीस मिनिटं पट्टी हललेली नाही."

"पट्टी म्हणजे प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर. गाडी कुठे आहे ते इंडिकेटर बघून कळतं होय? डोंबिवलीत राहतोस ना तू?"

लॅपटॉपच्या कडेला हार्ड डिस्कचा एक बारीक दिवा असतो. सोळा वर्षांत मी त्याच्याकडे पाहिलेलं नव्हतं. तो अनियमित लुकलुकत असेल तर आत लिहिणं-वाचणं चालू आहे. जुन्या डिस्कवर हजारो बारीक फायली उतरवायला वेळ लागतो, थांबावं. तो विझलेला असेल, तर कॅप्स लॉकची कळ दाबून बघावी. तिचा दिवा लागला-विझला तर मशीन शुद्धीवर आहे, नुसतं कामात आहे. काहीच झालं नाही तर बहुधा खरंच गोठलंय. आणि कॅप्स लॉकचा दिवा कोणी न दाबता आपला आपण एका लयीत उघडझाप करू लागला, तर लिनक्सच्या गाभ्यानेच हात टेकलेत असं समजावं. ही शेवटची खूण मी सांगितल्यावर अण्णांना फार आवडली. "धोक्याचा कंदील हलवतोय बिचारा," ते म्हणाले. दिवा बघायचा आणि मगच खटका ओढायचा, ही शिस्त ज्याच्या अंगात मुरली आहे, तो माणूस जन्मात कधी इन्स्टॉलेशन मध्येच तोडणार नाही.

मी तोडलं. अण्णा चहा घ्यायला आत गेले होते.

नियम चौथा: तोडू नये. जुनी प्रणाली पुसली गेलेली असते, नवी आलेली नसते, आणि लॅपटॉप मग काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकवत बसतो. ती रेघ दिव्यात धरत नाहीत.

दुसऱ्या खेपेला पट्टी यायच्याही आधी, नुसत्या बोधचिन्हावरच गाडी थांबली. इथे एस्केप दाबावं. बोधचिन्हाचा पडदा सरकतो आणि मागे मशीन स्वतःशी काय पुटपुटतंय ते दिसतं. त्यातल्या नव्वद टक्के ओळी आपल्याला कळत नाहीत आणि कळायची गरजही नसते. 'एरर' हा शब्द आणि त्याच्या शेजारी कोण, एवढंच शोधावं. शेजारी 'एसडीए' असेल तर दुखणं बहुधा आतल्या हार्ड डिस्कचं. 'एसडीबी' असेल तर पेनड्राइव्हचं. 'स्क्वॉशएफएस' अशा नावाच्या तक्रारी ओळीने येत असतील तर पेनड्राइव्हवरचा माल खराब आहे.

आमच्याकडे त्याच ओळीने आल्या. म्हणजे दोष लॅपटॉपचा नव्हता. पेनड्राइव्ह मी भरलेला होता. उतरवलेल्या फायलीचा 'चेकसम' ताडून बघावा, असं सगळे जाणकार सांगतात आणि एकही जाणकार ते करत नाही. शा-256 चा चेकसम म्हणजे 64 अक्षरांची माळ. एक त्यांनी जाहीर केलेली, एक आपल्या फायलीची. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. मी पहिली चार आणि शेवटची चार बघणार होतो. अण्णांनी चष्मा पुसला, वही घेतली आणि म्हणाले, "मी वाचतो, तू परत म्हणून दाखव." आकडा सांगितला की पलीकडच्याने तो परत म्हणायचा, ही त्यांची नोकरीतली सवय. पहिलंच अक्षर चुकलं. फाइल एका बिटाने जरी बिघडली तरी अख्खी माळ बदलते, तेव्हा पुढे वाचण्यात अर्थ नाही, हे मी समजावून सांगितलं. अण्णांनी उरलेली 63 वाचली. रेकॉर्डसाठी.

(त्यांनी ते वहीचं पान अजून ठेवलं आहे. सोसायटीचे ते सतरा वर्षं सचिव होते, कुठलाच कागद त्यांच्या हातून जात नाही. मुळात हा लॅपटॉप टाकायचा नाही तो त्या सोसायटीच्या इतिवृत्तांसाठी. ती सगळी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत, युनिकोडच्या आधीच्या धाटणीच्या. तो फॉन्ट नसेल तर 'पाण्याची टाकी धुण्याबाबत' या ठरावाऐवजी रोमन अक्षरांचा आणि कंसांचा सडा दिसतो. सबब, विंडोज पुसण्यापूर्वी फायलींबरोबर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधली ती टीटीएफ फाइलही वेगळी काढून ठेवावी. लिनक्समध्ये ती टाकली की टाकी पुन्हा धुतली जाते. हे एक काम मात्र मी पोह्यांच्या आधीच केलं होतं. माझ्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं या लेखात एवढंच आहे.)

नियम पाचवा, रॅम. नवीन फाइल, नवा पेनड्राइव्ह, आणि तरी दर खेपेला वेगळ्याच जागी अडकत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. एकाच जागी अडकणारा रोग बहुधा मालात असतो, जागा बदलणारा बहुधा रॅममध्ये किंवा उष्णतेत. चार्जर काढावा, बॅटरी काढावी, खालचं झाकण उघडावं, रॅमच्या दोन्ही बाजूच्या चिमट्या सोडवून पट्टी बाहेर घ्यावी आणि तिचे सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने घासावेत. खोडरबर साधा, पांढरा, नातीच्या कंपासपेटीतला. सुगंधी नको. पंख्याच्या जाळीत साचलेलं लोकरीसारखं तेही त्याच बैठकीत काढावं. आमच्यात निघालं ते पाहून आईने केरसुणी आणली. शंका उरली तर मेमटेस्ट रात्रभर लावून झोपावं.

नियम सहावा वाय-फाय बंद ठेवण्याविषयी आहे. नाहीतर इन्स्टॉलेशन शेवटच्या टप्प्यात भाषेच्या फायली आणायला इंटरनेटवर जातं आणि डोंबिवलीतल्या कनेक्शनवर तिथेच वस्तीला राहतं. 'वगळा'चं बटण असलं तर ते दाबणं अपमानास्पद मानू नये.

रात्री साडेनऊला मिंट आलं. हिरवं, स्वच्छ, हसरं. आईने जेवण तिसऱ्यांदा गरम केलं. मी विजयी मुद्रेने चार्जर काढला, मशीन अर्थातच मेलं, परत लावलं, आणि कोपऱ्यातल्या घड्याळात तारीख आली 1 जानेवारी 2009. लॅपटॉप विकत घेण्याच्याही आधीची. इंटरनेट जोडलं तर ब्राउझर एकही पान उघडेना. त्याच्या लेखी आजची सगळी प्रमाणपत्रं अजून जन्माला यायची होती.

"याच्या घड्याळाचा सेल गेलाय," अण्णा म्हणाले. मी पंधरा वर्षं या क्षेत्रात मिरवतो. मला ते सुचायला अजून दहा मिनिटं लागली असती. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर2032, तीन व्होल्टचा. वीज नसताना तारीख आणि मूळ मांडणी तोच लक्षात ठेवतो. काही लॅपटॉपमध्ये तो वायरीला जोडून येतो, आमच्यात सुदैवाने नुसता खोबणीत बसवलेला होता. दुकानं बंद झाली होती. अण्णा उठून बाथरूमकडे गेले आणि मूठ मिटून परत आले. मी काही विचारलं नाही. सेल बसवला, तारीख लावली, चार्जर काढून परत लावला. तारीख तीच. अण्णांनी टाकीचा ठराव उघडून बघितला आणि दिवा मालवून झोपायला गेले.

नियम सातवा व तूर्त शेवटचा: सोमवारी दुकान उघडेपर्यंत घरात वजनाचा विषय काढू नये. रविवारी सकाळी आई बाथरूममधून ओरडली, "अहो, काटा काहीच कसं दाखवत नाहीये?"

अण्णा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग ना. अर्ध्या तासाचं काम आहे."